मदरशातली पोरं, इंग्रजी आणि असरनंतरचा तास

मार्कंडेय_काठ (बेळगाव)

मंडळी,

एका मराठी हायस्कुलात ३१ वर्षं इंग्रजी शिकवून दोन वर्षांमागं मोकळा झालो. सकाळी फिरायला जाणारा आमचा एक कंपू आहे. त्यातले शिलाईकाम करणारे चाचा एके दिवशी म्हणाले, "सर, आमच्या मदरशातल्या पोरांचं इंग्रजी जरा बघा की ओ." मी होय म्हटलं. घरात बसून बायकोच्या स्वयंपाकात नाक खुपसण्यापेक्षा बरं, एवढाच तेव्हा विचार. आता दहा महिने झालेत आणि डोक्यात इतकं साठलंय की इथं ओतल्याशिवाय राहवत नाही. धागा लांबणार, चहा घेऊन बसा.

आधी एक खुलासा, कारण आमच्या कट्ट्यावरसुद्धा यात कायम घोळ होतो. गल्लीतली पोरं शाळेच्या आधी नाहीतर नंतर तासभर मशिदीत अरबी वाचायला जातात, तो मक्तब. ती पोरं शाळेत जातातच, त्यांच्या इंग्रजीचं जे काय बरंवाईट व्हायचं ते शाळेत होतं. मी जातो तो निवासी मदरसा. पोरगं तिथंच राहतं, तिथंच जेवतं, कुराण पाठ करतं (त्याला हिफ्ज म्हणतात) आणि पुढं टिकलं तर आलिम, म्हणजे धर्मशास्त्राचा जाणकार, व्हायचा कित्येक वर्षांचा अभ्यास. अशी पोरं फार नसतात. सच्चर समितीच्या २००६ च्या अहवालात शाळेच्या वयाच्या मुसलमान मुलांपैकी ३-४ टक्केच मदरशात असल्याचं म्हटलंय. टीव्हीवर बघितलं तर वाटतं सगळेच तिथं.

तर झालं असं. माझी भाची बीएड करते. तिला प्रकल्पासाठी विषय हवा होता, तिनं 'मदरशातील विद्यार्थ्यांचा इंग्रजीकडे पाहण्याचा दृष्टिकोन' असा घेतला. 'मला इंग्रजी शिकायला आवडते', 'इंग्रजीमुळे माझ्या धर्मापासून मी दूर जाईन' अशी २० वाक्यं, प्रत्येकापुढं पाच चौकटी. चाचांच्या लेकीनं ती उर्दूत उतरवून दिली. मी समोर उभा राहून २३ पोरांकडून भरून घेतली. निकाल काय, तर सगळ्यांना इंग्रजी म्हणजे जीव की प्राण. भाची खूश.

त्याच दिवशी संध्याकाळी तासाला ७ पोरं.

बाकीची मागच्या मोकळ्या जागेत क्रिकेट खेळत होती. मला आधी राग आला. मग चाचांनी त्यांचा दिवस समजावून सांगितला. पहाटे फजरच्या नमाजेआधी उठायचं. काल पाठ केलेला नवा सबक उस्तादांना ऐकवायचा. मग सबकपारा, म्हणजे गेल्या काही दिवसांचं. मग आमोख्ता, म्हणजे आजवरचं सगळं जुनं, विसरू नये म्हणून फिरवून फिरवून. दुपारी थोडी झोप, परत बसणं. मगरिबनंतर, म्हणजे सूर्यास्ताच्या नमाजेनंतर, उद्याचा सबक पाठ करायचा. अख्ख्या दिवसात असर ते मगरिब, म्हणजे दुपार कलल्यापासून दिवस मावळेपर्यंत, एवढाच वेळ पोरांचा स्वतःचा. आणि मदरशानं मला दिला होता तो नेमका हाच. दहावीचे जादा तास पीटीच्या वेळात घेतले की माझ्या शाळेतली पोरं मला मनातल्या मनात काय म्हणायची ते मला माहीत आहे. ही पोरं तेवढंही म्हणाली नाहीत, नुसती आली नाहीत.

मोहतमिम साहेबांना, म्हणजे मदरशाच्या प्रमुखांना, भेटलो. ते दोन दिवस विचार करत होते, कारण त्यांच्या दृष्टीनं सकाळचा वेळ म्हणजे तिजोरी. शेवटी नाश्त्यानंतर ४० मिनिटं दिली. आता रोज २०-२१ पोरं असतात. म्हणजे इंग्रजीचा तिटकारा वगैरे काही नव्हता.

आता खरी गंमत. मराठी पोरांना 'थिंक' आणि 'दिस' शिकवताना माझी ३१ वर्षं गेली. आपण तिथं सरळ थालीपीठाचा थ आणि दगडाचा द लावतो. जीभ दातांत धरून हवा सोडायची हे कितीही दाखवा, फळ्यावर तोंडाचं चित्र काढा, दोन दिवसांनी परत थालीपीठ. इथं पहिल्याच दिवशी एका ११ वर्षांच्या पोरानं 'थिंक' असं म्हटलं की मी खडू खाली ठेवला. परत म्हणायला लावलं. परत तसंच. शेजारच्याला विचारलं, त्याचंही तेच. कारण अरबीत 'से' आणि 'जाल' ही अक्षरं आहेत, आणि ती बरोबर याच जागेवरून निघतात. रोजच्या उर्दूत त्यांचे स आणि ज होऊन जातात, पण कुराण वाचताना चालत नाही. तिथं प्रत्येक अक्षराचा मखरज, म्हणजे तोंडातली निघायची जागा, उस्ताद घोटून घेतात. व्ही आणि डब्ल्यू यातला फरक, तोच. ओठांचा चंबू करून 'वाव' हे अक्षर म्हणायला ही पोरं सहाव्या-सातव्या वर्षीच शिकलेली. बेळगावातल्या भारी फी घेणाऱ्या शाळांतली पोरं 'वेस्ट'चे दोन्ही उच्चार सारखेच करतात, हे मी शिकवण्यांमध्ये पाहिलंय.

दुसरी गोष्ट. 'नाइफ' लिहिला आणि म्हटलं, पुढचा 'के' लिहायचा पण बोलायचा नाही. मराठी वर्गात यावर हमखास हशा आणि 'मग लिहायचा कशाला' असा प्रश्न. इथं मागून एकजण शांतपणे म्हणाला, "जैसा वाव के बाद का अलिफ जी, सर. लिखते, पढ़ते नहीं." अरबीत 'ते म्हणाले' अशा अनेकवचनी क्रियापदाच्या शेवटी एक अलिफ येतो, तो मुका असतो. विषय संपला. मी पुढच्या शब्दावर.

मोठ्या, आलिमच्या वर्गातल्या पोरांचं आणखी वेगळं. त्यांचा सर्फ-नहव, म्हणजे अरबी व्याकरण, असा पक्का असतो की मलाच तयारी करून जावं लागतं. 'इट इज रेनिंग' लिहिलं तर एकानं विचारलं, "सर, ये 'इट' कौन है? जमीर है तो उसका मरजा कहाँ है?" म्हणजे सर्वनाम असेल तर ते ज्याच्याबद्दल आहे ते नाम कुठाय? तीन दशकांत मला हा प्रश्न एकाही पोरानं विचारला नव्हता. उद्या सांगतो म्हटलं आणि घरी येऊन पुस्तकं काढली.

नुसतं कौतुक नको. पाठांतराची सवय इथं आडवीही येते. हिफ्जच्या पोराला अर्थ कळत नसताना पानंच्या पानं पाठ करायची सवय असते. एकानं अख्खा धडा दोन दिवसांत पाठ करून आणला, किराअतच्या, म्हणजे कुराण म्हणायच्या, सुरात म्हणून दाखवला, एक शब्द चुकला नाही. 'रिव्हर' म्हणजे काय विचारलं तर माझ्याकडं बघत बसला. आणि बोलणं शून्य. प्रश्न इंग्रजीत विचारला की सगळ्यांच्या माना खाली.

एक वही दाखवायची होती, पण फोटो चढत नाही, म्हणून सांगतो. १०० पानी साधी वही. एका बाजूनं उघडली की उर्दू, उजवीकडून सुरू. उलटी करून दुसऱ्या बाजूनं उघडली की इंग्रजी. दोन्हीकडून भरत भरत मधे चार कोरी पानं उरलेली. मी म्हटलं, नवी वही घे की. तर म्हणतो, "ये मिलने दो सर, फिर लेता."

आता मला ज्याचं उत्तर देता आलं नाही ते. अथणीकडचं एक १५ वर्षांचं पोरगं आहे, वर्गात सगळ्यांत तयार. पण चारचौघांत इंग्रजीचा एक शब्द काढत नाही. एकटा असताना विचारलं. आधी म्हणाला, पोरं हसतात, 'मौलाना अंग्रेज बन्या' म्हणतात. मग थोड्या वेळानं, "सर, मैं सीखूँ तो करूँ क्या? नमाज तो अंग्रेजी में पढ़ानी नहीं."

तुम्ही काय सांगितलं असतं?


खानापूरकर

सर, आधी दंडवत. 'थालीपीठाचा थ' वाचून ऑफिसात हसलो.

पण उगाच मदरशाला वेगळं काढू नका. कर्नाटकात सरकारी शाळेत २००७ पासून पहिलीलाच इंग्रजी आलं. आमच्या खानापूर भागातल्या मराठी शाळेत दोन इयत्ता एका खोलीत, मास्तर एक, आणि त्या मास्तरांचं स्वतःचं इंग्रजी देवाला ठाऊक. दहावीला पोरगं 'आय आम गोइंग'च्या पुढं सरकत नाही. त्या पोरांचा 'दृष्टिकोन' विचारला तर तेही वीसही वाक्यांपुढं 'पूर्ण सहमत' करतील. सर समोर उभे असताना असहमत कोण होणार ओ?


सरळ_बोलतो

लेख चांगला आहे, पण गुलाबी चष्म्यातून. २०२३ ला उत्तर प्रदेशातल्या देवबंदच्या मोठ्या मदरशानं इंग्रजी शिकायला बंदी घातली ही बातमी सगळ्यांनी वाचली आहे. वरची संस्थाच नको म्हणत असेल तर बेळगावातल्या एका मदरशात ४० मिनिटं 'नाइफ' शिकवून काय होणार? पोरांना सरळ शाळेत घाला, प्रश्न मिटला. राग मानू नये, आयडीप्रमाणे बोलतो.


निपाणीची_सून

पोरांचं झालं, पोरींचं कुणी विचारतच नाही म्हणून लिहिते.

माझं माहेर कागल. आम्ही कागलचे मुसलमान घरात मराठीच बोलतो, सासरी निपाणीत आल्यावर दखनी शिकले. आमच्या मोहल्ल्यात मुलींचा मदरसा आहे, आलिमाचा कोर्स चालतो. मी तिथं आठवड्यातून दोनदा शिवण शिकवते. तिथल्या मुली इंग्रजीसाठी मागे लागतात, अगदी हात धुऊन. त्यांना नोकरी करायची नाहीये (निदान तसं बोलत तरी नाहीत). कारण वेगळंच आहे. त्यांच्या मोठ्या बहिणींची लग्नं झालीत, त्यांची मुलं इंग्लिश मीडियमला आहेत आणि शाळेची डायरी, ग्रुपवरचे मेसेज, फीची नोटीस, सगळं इंग्रजीत. बहिणीला वाचता येत नाही, मग ती शेजारणीकडे मोबाईल घेऊन जाते. त्या मुलींनी हे डोळ्यांनी बघितलंय. एकीनं मला स्पष्ट सांगितलं, "आपा, मेरे बच्चे की डायरी मैं पढ़ूँगी, पड़ोसन नक्को."

हा दृष्टिकोन कुठल्या चौकटीत बसतो ते भाचीला विचारा.


भाषावेडी

@निपाणीची_सून, तुमचा प्रतिसाद माझ्या एमएच्या अख्ख्या पेपरपेक्षा भारी आहे.

पुस्तकी भर घालते. या विषयाची सुरुवात कॅनडात झाली. गार्डनर आणि लॅम्बर्ट या दोघांनी १९५९ मध्ये माँट्रियलमधल्या फ्रेंच शिकणाऱ्या इंग्रजीभाषक मुलांवर काम केलं आणि शिकण्यामागच्या प्रेरणांचे दोन कप्पे केले. एक उपयोगाची: नोकरी, परीक्षा, पगार. दुसरी त्या भाषेच्या लोकांत मिसळण्याची. मदरशावरचे बहुतेक प्रबंध आजही याच दोन कप्प्यांत मुलं टाकतात, आणि निष्कर्ष येतो की उपयोगाची प्रेरणा जास्त आणि दृष्टिकोन सकारात्मक. ते खरंही असेल. पण बेळगावच्या मुलानं इंग्रजी शिकून मिसळायचं कुणात? इथं इंग्रजी कुणाच्या घरची भाषाच नाही.

पुढं डॉर्न्येई या हंगेरियन अभ्यासकानं प्रश्न फिरवला. त्याचं म्हणणं, ती भाषा बोलणारा उद्याचा 'मी' डोळ्यांपुढं दिसतो का, ते विचारा. डायरी वाचणाऱ्या आईचं चित्र त्या मुलीला दिसतंय. अथणीच्या मुलाला असं चित्र दिसत नाही, कारण टोपी घालून फाडफाड इंग्रजी बोलणारा माणूस त्यानं जवळून पाहिलाच नसेल.

आणि धर्मशिक्षण म्हटलं की इंग्रजीशी वाकडं, असं जगभर नाही. इंडोनेशियात जावा बेटावर गोंतोर नावाची १९२६ पासूनची निवासी धर्मशाळा आहे. तिथं मुलांनी आपसात अरबी नाहीतर इंग्रजीच बोलायचं, असा नियमच आहे. इतकं लांब नको, केरळात जा. तिथं सकाळी मदरसा आणि मग शाळा हे इतकं अंगवळणी पडलंय की शाळेच्या वेळा बदलायच्या म्हटल्या की मदरशाच्या वेळेवरून वाद होतो. चेम्माडच्या दारुल हुदात तर १९८६ पासून धर्मशिक्षण आणि इंग्रजी शेजारी शेजारी बसलेत.


चिक्कोडी_कट्टा

एवढा जीव इंग्रजीवर टाकण्यापेक्षा कन्नड शिकवा पोरांना. राहायचं इथं, रेशन इथलं, तहसीलदार इथला. आपल्या मराठी लोकांनी पण जरा शिकावं. बोलून ठेवतो, मग बसा १९५६ पासूनच्या वादाचं तुणतुणं वाजवत.


खानापूरकर

आलं का हे परत. @चिक्कोडी_कट्टा, धाग्याचा विषय काय, तुम्ही बोलूलालाय काय!


प्रशासक

सीमाप्रश्नासाठी वेगळा धागा आहे, त्याचे ४०० प्रतिसाद झालेत, तिकडं जावे. इथं तो विषय वाढल्यास प्रतिसाद उडवले जातील.


हिरण्यकेशी_पूल

बऱ्याच वर्षांनी लॉगिन केलं, पासवर्ड विसरलो होतो.

मी संकेश्वरचा. चौथीपर्यंत मराठी शाळेत, मग वडील वारले आणि मामानं मदरशात ठेवलं. हाफिज आहे, म्हणजे अख्खं कुराण पाठ, आलिमचा कोर्सही पुरा केला, दस्तारबंदी (कोर्स संपल्यावर पगडी बांधतात ती) झाली. आज गोव्यात एका दुकानात हिशोब बघतो आणि शुक्रवारी जवळच्या मशिदीत जुम्म्याचा बयान करतो. त्यामुळं दोन्ही बाजूंनी बोलायचा थोडा हक्क आहे.

@सरळ_बोलतो, तुमच्या बातमीबद्दल. देवबंदची ती नोटीस जून २०२३ ची. आमच्याकडं दाखल आहात तोवर इंग्रजी वगैरे दुसरं शिकायला जाऊ नका, असा मजकूर होता आणि तो वाईटच लिहिलेला होता, माझ्या तोंडूनही शिवी गेली. गदारोळ झाल्यावर त्यांनी खुलासा केला की बाहेरच्या क्लासला जाण्यावर रोख होता, कारण पोरं मूळ अभ्यास सोडून तिकडं वेळ घालवतात. खुद्द देवबंदमध्ये फाजिल झालेल्यांसाठी, म्हणजे मूळ कोर्स पुरा केलेल्यांसाठी, इंग्रजीचा वेगळा विभाग बरीच वर्षं चालतो. लखनौच्या नदवा या मदरशात तर १९ वं शतक संपता संपताच नव्या विद्यांना जागा द्यावी असा विचार झाला होता. म्हणजे घरातच दोन मतं आहेत, आणि भांडण जुनं आहे.

जुनं का, तेही ऐका. देवबंद उभं राहिलं १८६६ मध्ये, १८५७ नंतर ९ वर्षांनी. दिल्लीत मौलवी फासावर गेलेले लोकांनी बघितले होते. तेव्हा अंग्रेजी म्हणजे अंग्रेज. आज ते कारण कुणाच्या मनात नाही, पण त्या वेळची भिंत अजून उभी आहे. आमचा अभ्यासक्रम दर्स-ए-निजामी म्हणतात तो, १८ व्या शतकात लखनौच्या फिरंगी महलमध्ये मुल्ला निजामुद्दीन यांनी बसवलेला. त्यात तर्कशास्त्र आणि तत्त्वज्ञानही होतं, कारण त्या काळी दरबारात कामाला लागायचं तर ते लागायचं. म्हणजे तो त्या काळचा नोकरीचा कोर्सच होता की. हे मी एकदा वर्गात बोललो, उस्ताद हसले आणि म्हणाले, "बैठ जा, वकील साहब."

धर्मात मनाई आहे का? मुळीच नाही. हजरत जैद बिन साबित यांना पैगंबर साहेबांनी यहुद्यांची लिपी शिकायला सांगितली आणि त्यांनी ती अर्ध्या महिन्यात शिकली, अशी रिवायत (परंपरेनं सांगितलेली हकीकत) आहे. इंग्रजीच्या बाजूनं बोलणारा प्रत्येक मौलवी हीच सांगतो. ('विद्येसाठी चीनला जा' ही दुसरी जी सगळे ठोकतात, ती कच्ची रिवायत आहे. सर, वर्गात ती सांगू नका, मोठी पोरं पकडतील.)

मग उस्ताद नाखूश का असतात? ते मी सांगतो, कारण ते कुणी उघड बोलत नाही. इंग्रजी शिकलेला पोरगा इमामत करत नाही. इमामाचा पगार किती असतो ते मोहल्ल्यात विचारा, गवंड्याच्या हाताखालचा माणूस जास्त मिळवतो. ज्या पोरावर उस्तादांनी दहा वर्षं घालवली, चंद्याच्या पावत्या फाडून ज्याचं जेवण भागवलं, तो चार वाक्यं बोलायला शिकला की दुबईला नाहीतर मोबाईलच्या दुकानात. माझंच बघा, मी कुठं आहे? त्यांची भीती खोटी नाही. मी स्वतः तिचा पुरावा आहे.

आता बँकेची गोष्ट सांगतो, मग थांबतो. दस्तारबंदी होऊन महिना झाला होता. डोक्यावर नवा कोरा अमामा (पगडी), हातात आईचं पासबुक. पैसे काढायची स्लिप घेतली तर एका अंगाला कन्नड, दुसऱ्या अंगाला इंग्रजी. मराठी चौथीपर्यंत, उर्दू, अरबी, फारसीचीसुद्धा दोन पुस्तकं झालेली, आणि त्या कागदावरचं एक अक्षर लागेना. शेजारच्या बाईंना विचारलं, त्यांनी भरून दिली. काउंटरवरच्या माणसानं माझ्याकडं बघितलं, स्लिपकडं बघितलं आणि शाईचं पॅड पुढं सरकवलं. म्हणाला, अंगठा. ६ हजारांहून जास्त आयती जिभेवर असलेला माणूस मी. सही येते म्हणायला हवं होतं. म्हटलं नाही. अंगठा दिला. ती शाई मगरिबच्या वजूपर्यंत, म्हणजे नमाजेआधी हातपाय धुवेपर्यंत, गेली नव्हती.

त्या दिवसापासून इंग्रजी सुरू केलं. कुठलाही दृष्टिकोन नव्हता. चीड होती.


निपाणीची_सून

भाईजान, काय बोलू. वाचून गप्प बसले.


भाषावेडी

+१. शेवटच्या दोन ओळी भाचीच्या प्रकल्पात पहिल्या पानावर घ्या.


सरळ_बोलतो

नोटिशीबाबत माझी माहिती अर्धवट होती, मान्य. अंगठ्याचं वाचून वाईट वाटलं. तरी मुद्दा सोडत नाही: १४ वर्षांपर्यंत सगळ्या मुलांना शाळा सक्तीची असावी, मग ते कुठल्याही धर्माचं असो.


खानापूरकर

@सरळ_बोलतो, कुठल्याही धर्माचं म्हणालात म्हणून. शिक्षणहक्क कायद्यात २०१२ ला दुरुस्ती झाली तेव्हा मदरसे आणि वैदिक पाठशाळा दोन्ही एकाच ओळीत बाहेर काढल्या. माझा चुलतभाऊ वेदपाठशाळेत होता. संहिता खणखणीत म्हणतो आणि रेल्वेचा फॉर्म मी भरून देतो. त्याचा इंग्रजीकडे बघायचा दृष्टिकोन आजवर कुणी तपासलेला नाही.


सरळ_बोलतो

हं. हे लक्षात आलं नव्हतं.


वडगावची_वीणकर

अवांतर होईल, पण राहवत नाही. शाहू महाराजांनी १९०६ मध्ये कोल्हापुरात मुसलमान पोरांसाठी शिक्षणसंस्था काढली, मोहामेडन एज्युकेशन सोसायटी. मुस्लिम बोर्डिंग म्हणतात ती. पोरांनी शहरात राहून शाळा शिकावी म्हणून. बेळगावपासून शंभरेक किलोमीटर. आपण मात्र शंभरावर वर्षं उलटूनही शाळा का मदरसा असं भांडतोय. बोर्डिंगमध्ये राहून शाळेत जाणं आणि तिथंच कुराण वाचणं दोन्ही होऊ शकतं की. (मागावर बसून मोबाईलवर टाइप करतेय, चुका पोटात घाला.)


मार्कंडेय_काठ

चार दिवस बघितलं नव्हतं, धागा भलताच वाढलाय. सगळ्यांना एकेक उत्तर देणं होणार नाही.

@हिरण्यकेशी_पूल, तुमचा प्रतिसाद मी दोनदा वाचला, मग चाचांना वाचून दाखवला. ते काही बोलले नाहीत, टाके घालत राहिले. पण दुसऱ्या दिवशी त्यांनीच मोहतमिम साहेबांकडं विषय काढला. परिणाम असा की गेल्या आठवड्यापासून धडे बाजूला ठेवलेत आणि फॉर्म घेतलेत. पैसे काढायची स्लिप, रेल्वेचं आरक्षण, आधारमधली दुरुस्ती, सिमकार्ड. ओळखीच्या एका कारकुनाकडून कोऱ्या स्लिपांचा गठ्ठा आणला. 'अमाउंट इन वर्ड्स' शिकवायला दोन तास गेले, कारण 'फोर्टी'त यू का नाही आणि 'फोर'मध्ये का आहे याचं उत्तर अलिफवाल्याकडंसुद्धा नव्हतं. सही मात्र प्रत्येकानं वीस-वीस वेळा गिरवली. एका पट्ठ्यानं उर्दूतली सही आणि इंग्रजीतली सही एकमेकांकडं तोंड करून काढली.

मोहतमिम साहेब परवा दारात येऊन उभे राहिले. मला वाटलं तास बंद करायला आले. त्यांनी एक स्लिप उचलली, उलटसुलट करून बघितली आणि म्हणाले, "एक मेरे लिए भी रखना सर."

अथणीच्या पोराच्या प्रश्नाला उत्तर अजून नाही. @हिरण्यकेशी_पूल, तुम्ही एकदा येऊन जाल का? भाषावेडी म्हणतायत ते खरं असेल तर त्याला माझ्यासारखा म्हातारा मास्तर बघून उपयोग नाही.


हिरण्यकेशी_पूल

सर, येतो. पुढच्या महिन्यात आईकडं यायचंच आहे, चोर्ला घाट चढून आलो की आधी तुमच्याकडं.

त्याला खोटी आशा मात्र दाखवणार नाही. वाटा आहेत. मी एनआयओएसमधून, म्हणजे केंद्राच्या मुक्त शाळेतून, दहावी केली, गणितात दोनदा नापास होऊन. अलिगढला मदरशातून आलेल्यांसाठी २०१३ पासून ब्रिज कोर्स आहे, वर्षभरात इंग्रजी आणि बाकीचे विषय करून पदवीला बसता येतं. आपल्याच राज्यात बिदरच्या शाहीन संस्थेत हाफिज पोरांना शाळेच्या अभ्यासाला आणायचा वेगळा वर्ग आहे. पण प्रत्येक वाटेवर पहिली दोन वर्षं सगळ्यांत मोठ्या वयाचा सगळ्यांत ढ पोरगा म्हणून बसावं लागतं, आणि ते कुणी आधी सांगत नाही. ते मी सांगीन.

आणि इमाम व्हायचं असेल तर इंग्रजी नको, हेही खरं नाही. गोव्यात माझ्या बयानाला केरळचे, बंगालचे, नायजेरियाचे लोक येतात. उर्दू निम्म्यांना कळत नाही. शेवटची पाच मिनिटं मी मोडक्या इंग्रजीत सांगतो. नमाज इंग्रजीत पढवायची नसते, पण नमाजेनंतर माणसं बोलायला थांबतात की.


निपाणीची_सून

सर, त्या स्लिपांचा गठ्ठा थोडा निपाणीलाही पाठवा. आणि शाळेच्या डायरीचं जुनं पान कुणाकडं असेल तर द्या, मुलींसाठी. 'काइंडली साइन अँड रिटर्न'पासून सुरुवात करते.


खानापूरकर

डायऱ्या माझ्याकडं दोन पोरांच्या चार वर्षांच्या पडून आहेत. लाल शाईचे शेरेच जास्त आहेत, चालतील का?


निपाणीची_सून

तेच तर वाचायला शिकवायचंय. 😀


मार्कंडेय_काठ

अजून एक काम. चार रेघी वह्या लागणार आहेत, २ डझन. खडेबाजारात भाव काय चाललाय कुणाला माहीत आहे? हिरण्यकेशी यायच्या आत हव्यात. त्या दोन्हीकडून भरलेल्या वहीची मधली चार पानं काल संपली. पोरगं वही घेऊन दाखवायला आलं होतं. शेवटच्या पानावर वरून उर्दू, खालून इंग्रजी.


वडगावची_वीणकर

मी उद्या खडेबाजारात जाणारच आहे, विचारून सांगते. डझनावर घेतल्या तर कमी करतील. पण दुकानदाराला कुठल्या बाजूनं उघडणाऱ्या म्हणून सांगू?